अश्विनीबाईंच्या ब्लॉगातली महादेवी

अंकाचा माणूस घरी आला आणि म्हणाला, "वाचनालयात जन्म काढलात, वाचकांच्या गमतीजमती लिहा की दिवाळीसाठी." मी म्हणालो, गमती भरपूर आहेत, पण सांगताना मला हसू येत नाही. तुमच्या अंकाला चालेल का ते आधी विचारून या. तो परत आला आणि चालेल म्हणाला. म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी. शब्द चुकला तर प्रूफवाल्यानं बघावं, मला कळवू नये.

माझी बायको महादेवी गेल्या श्रावणात वारली. तिच्याबद्दल एका पोरीनं एकदा लिहिलं होतं. कागदावर नव्हतं, इंटरनेटवर होतं. त्यात महादेवीचे शब्द होते, अगदी तिच्या तोंडचे, आणि शेवटी माझ्याबद्दल एक वाक्य होतं. मी ते एकदाच ऐकलं. आता ते कुठंच नाही. ते कसं लिहिलं गेलं, का गेलं, आणि ते परत मिळावं म्हणून मी कुठं कुठं हिंडलो, एवढंच मला सांगायचं आहे. वाचनालयाचं बाकीचं त्यातच येईल.

मी शिपाई होतो. सोलापुरात पूर्व भागात एका गल्लीत आमचं वाचनालय. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, त्यामुळं 'शांतता राखा' ही पाटी लावायची ती आपली रीत म्हणून. सकाळी कुलूप काढायचं, पेपर स्टँडला अडकवायचे, दारातल्या फळ्यावर सुविचार लिहायचा, फाटलेली पुस्तकं खळ लावून चिकटवायची, परत आलेली जागेवर लावायची. लोकांना वाटतं वाचनालयात काम ते काय, पुस्तक द्यायचं आणि घ्यायचं. द्यायला घ्यायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो दोन म्हातारे एकाच पेपरची दोन टोकं धरून ओढत असतात ते सोडवायला. एकदा अग्रलेख एकाच्या हातात राहिला आणि क्रिकेट दुसऱ्याच्या. दोघंही माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यानंच फाडला."

ग्रंथपाल येत आणि जात. बऱ्याच जणांना ती नोकरी म्हणजे दुसरी मिळेपर्यंत बसायची जागा होती. त्यात अश्विनीबाई आल्या. माळशिरसकडच्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, अंगानं काडी. कमिटीनं त्यांना हंगामी घेतलं आणि कायम करायचं "पुढं बघू" म्हणून सांगितलं. बाईंना कायम व्हायचं होतं. त्यांना दुसरं काही व्हायचंच नव्हतं. हे मी इतक्या ग्रंथपालांत पहिल्यांदा बघितलं.

आल्या आल्या बाईंच्या नजरेत एक गोष्ट आली. कादंबऱ्यांच्या पानांवर शिसपेन्सिलीच्या खुणा. कुठं सातव्या पानावर गोल, कुठं एकविसाव्यावर फुली, कुठं बारकं फूल. पुस्तक विद्रूप करणं हा नियमानं गुन्हा. बाईंनी पेटीभर खोडरबर आणले. "मामा, बसा," म्हणाल्या. आम्हाला शिपायांना सगळीकडं मामाच म्हणतात. आम्ही दोघं कपाटामागून कपाट खोडत सुटलो. इतकी वर्षं त्या पुस्तकांवरची धूळ मी झटकली, मलाही ती घाणच वाटायची. खोडून झालं तेव्हा पुस्तकं कशी स्वच्छ दिसत होती. आम्ही दोघांनी खूश होऊन चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी मिलमधले एक जुने जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, आले. रोजचे वाचक. पुस्तक उघडलं, पान चाळलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं.

"बाई, माजी खूण कुटं गेली?"

"कसली खूण, काका?"

"माजी ओ! तेरा नंबरच्या पानाला उभी रेघ. रेघ असली की मी वाचलंय, नसली की न्हाय वाचलं. आता मी काय वाचलंय आन काय न्हाय, हे कुनाला इचारू? तुमाला?"

वाचणारा माणूस म्हातारा झाला की त्याला नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. म्हणून प्रत्येकाचं एक पान ठरलेलं आणि एक खूण ठरलेली. दुसऱ्याची खूण कोण पुसत नव्हतं. आम्ही सगळ्यांच्या पुसल्या. महिनाभर ओरडा चालला होता. एक निवृत्त मास्तरीणबाई रहस्यकथा परत द्यायला आल्या त्या दारातूनच, "दुसऱ्याच पानावर मला कळलं की हो खून कुणी केला! वाचलेलं पुस्तक परत माझ्या गळ्यात मारता?"

बाई मागच्या खोलीत माठापाशी जाऊन रडल्या. मी म्हणालो, रडून रेघा परत येत न्हाईत. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मामा, मी हे लिहिणार."

तेव्हा मला ब्लॉग हा शब्द पहिल्यांदा कळला. दारातल्या फळ्यासारखं समजा. आपण लिहायचं, आणि ज्याला पाहिजे त्यानं गावात असो नाहीतर परमुलखात, ते वाचायचं आणि त्याच्याखाली आपलं म्हणणं लिहायचं. बाईंच्या बरोबर शिकून बाहेर पडलेली पोरं पोरी अशीच कुठं कुठं एकेकटी बसली होती. कोण तालुक्याच्या वाचनालयात, कोण शाळेत, कोण कॉलेजच्या तळघरात. कॉलेजात त्यांना पुस्तकांचे नंबर शिकवले होते. माणसांचं कुणी शिकवलं नव्हतं. वर विचारायला साहेब नाही, शेजारी बसायला सोबती नाही. मग आपलं काय चुकलं ते लिहायचं आणि दुसऱ्याचं काय चुकलं ते वाचायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला ते पटलं. सुताराचं पोर बापाचा हात बघून शिकतं. ह्यांना बघायला हातच नव्हता.

बाईंनी खोडरबराचं लिहिलं. सांगोल्याच्या एका पोरानं खाली लिहिलं, 'मी पण खोडलं होतं, मला वाटलं मी एकटाच येडा.' आणखी कुणी उपाय लिहिला, की प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरी पट्टी चिकटवा आणि वाचकांना सांगा, काय खूण करायची ती हितं करा. पट्ट्या मी कापल्या, खळ मी लावली. जॉबर काकांनी खुर्ची ओढली आणि आठवून आठवून आपली उभी रेघ मारत बसले. म्हणाले, "निम्म्या ठिकानी चुकनार बघा. पन चुकीनं एखादं दोनदा वाचलं तर काय मरत न्हाय मी."

त्यानंतर लिहिलेलं पाठवायच्या आधी बाई मला वाचून दाखवायच्या. "मामा, खोटं काही आहे का?" मी म्हणायचो, खोटं न्हाय, पन हितं जरा नटवलंय. मग त्या नटवलेलं काढून टाकायच्या.

बाई डबा आणत नसत. खोलीवर राहायच्या, स्वयंपाकाचा कंटाळा. माझं घर वाचनालयाच्या मागच्या बोळात. महादेवी कडक भाकरी करून विकायची. ज्वारीची पातळ भाकरी, वाळवून पापडासारखी, आठवडा आठवडा टिकते. पहाटेपासून चुलीपुढं, फरशीवर. तिचं माहेर वळसंग, आमच्या घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. बाईंना दारात बघितलं की ती हातातलं पीठ न झटकता म्हणायची, "बा, कुंद्रु." म्हणजे ये, बस. आणि बसायच्या आधी दुसरा प्रश्न, "ऊटा आतेनु?" जेवलीस का. बाईंना एवढं कानडी आठ दिवसांत आलं. शेंगाचटणी, भाकरी आणि वर बोलणी खायची. "हाडं बघ तुझी पोरी, पुस्तकं उचलतीस का पुस्तकं तुला उचलत्यात?"

आता तपासणीचं सांगतो. सरकारचं अनुदान मिळायला वर्षातून एकदा साहेब येऊन वाचनालय बघतात. पुस्तकं किती, वाचक किती, महिला विभाग चालू आहे का. आमच्या महिला विभागात एक टेबल, चार खुर्च्या आणि एक बंद घड्याळ होतं. बायका गल्लीत होत्या, पण त्या मागावर, विड्यांवर, चुलीवर होत्या. त्यांना कोण वाचायला सोडतंय? मग अशा दिवशी जी रीत आहे ती आमच्याकडंही होती. वाचक आणून बसवायचे. कार्यवाह, म्हणजे कमिटीत सगळं बघणारे गृहस्थ, मला म्हणाले, "मल्लू, महिला विभाग भरलेला दिसला पाहिजे." मी गल्लीतून चार बायका गोळा केल्या. त्यात एक महादेवी. ठेवणीतली लुगडी नेसून त्या खुर्च्यांवर बसल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक मासिक दिलं. एकीनं उलटं धरलं होतं ते मी सरळ केलं.

साहेब आले. महादेवीसमोर थांबले आणि म्हणाले, "काय वाचताय, आजी?"

ती म्हणाली, "वाचाय येत न्हाय की साहेब मला. चित्रं बघतेय."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढं गेले. त्यांना सगळ्याच वाचनालयांतलं ठाऊक असतं. अनुदान मंजूर झालं, पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वेळेला महादेवी दारात. हात धुतलेले, तेच लुगडं. मी देवघेवीच्या टेबलावर होतो. मला म्हणाली, "आज पन तपासनी हाय का?"

"न्हाय. का गं?"

"मग बसू का नको?"

बाई उठल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बा, कुंद्रु."

ती बसली. बाई शेजारी बसल्या. दोघी बोलत होत्या, म्हणजे महादेवीच बोलत होती. मी लांब होतो, वरून पंखा आणि बाहेरून माग, एक शब्द ऐकू येत नव्हता. मला वाटलं, भाकरीचं काहीतरी सांगत असेल. ती निघून गेल्यावर बाईंनी लगेच मोबाईलवर लिहायला घेतलं. ती बोलली होती तसंच, अर्धं कानडी, अर्धं मराठी, कुठं नटवलं नाही.

मग मागच्या खोलीत मला वाचून दाखवलं. ते ऐकून मी गार झालो. महादेवीनं सांगितलं होतं की जन्मभर ती फरशीवर बसली, चुलीपुढं. दारात गिऱ्हाईक आलं की तिला आधी पाय दिसायचे. ती माणसं पायांवरनं ओळखायची. कुणाच्या पायात भांडण आहे, कुणाचे पाय उधारी मागायला आलेत, कोण आजारी आहे. तपासणीला आणून खुर्चीवर बसवल्यावर पहिल्यांदा तिला आल्यागेल्याची तोंडं सरळ दिसली. आणि पाठीला मागून काहीतरी टेकतंय म्हणून तिला आधी भ्या वाटलं. हे सगळं मी माझ्या शब्दांत सांगतोय, म्हणून ते मेल्यासारखं वाटतंय. तिच्या शब्दांत ते जिवंत होतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, मला हे तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं म्हणा, किंवा मी समोर असलो की तिच्या हातात भाकरी असायची म्हणा.

आणि सगळ्यात शेवटी माझ्या पायांबद्दल एक वाक्य होतं. ते वाचताना बाई हसल्या. मला लाज वाटली. तेवढ्यात टेबलावर कुणीतरी घंटी वाजवली, मी "पुरं, पुरं" म्हणत बाहेर आलो. ऐकलं ते नीट बसलंच नाही डोक्यात. वाटलं, आहे की तिथं, परत ऐकता येईल. बाईंना मी म्हणालोही, कागदावर काढून द्या, खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवतो. त्या म्हणाल्या, "मामा, कागद फाटतो. इंटरनेटवरचं जात नाही."

त्या लेखाखाली बाईंनी सगळ्यांना एक प्रश्न विचारला होता, की ज्या बाईला वाचता येत नाही तिला वाचनालयानं काय द्यावं? उत्तरं आली. कुणी लिहिलं अक्षरं शिकवा. कुणी लिहिलं नुसती खुर्ची द्या. सांगोल्याच्या त्याच पोरानं लिहिलं, मोठ्यांदा वाचा, पण गोष्टीनं सुरुवात करू नका, पेपरमधल्या बातम्यांनी करा, बायकांना भांडायला मिळालं की त्या रोज येतील. बाईंनी तसंच केलं. दुपारचा एक तास. पोर अगदी बरोबर बोललं होतं. एका मंत्र्याची बातमी वाचली की चार बायका आठ बाजूंनी त्याला धुवायच्या. मग बायका वाढल्या. खुर्च्या पुरेनात तर मी वाचन कक्षातल्या आणल्या, त्यावर पेपरवाले म्हातारे चिडले, मग तेही ऐकायला येऊन बसले. आता तपासणी झाली असती तर एकही वाचक आणून बसवावा लागला नसता. पण तपासणी वर्षातून एकदाच होते.

तो लेख ह्या मोबाईलवरून त्या मोबाईलवर गेला. खाली लोकांनी लिहिलं, 'आमच्याकडं पण तपासणीला असेच वाचक बसवतात.' आणखी एकानं लिहिलं, 'आमच्याकडं तर शेजारच्या वाचनालयाची पुस्तकं आणून लावतात.' हसून हसून लिहीत होते बिचारे, एकमेकांना सापडल्याचा आनंद. तेच कार्यवाहांच्या हातात पडलं.

त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. मला चहा आणायला सांगितलं, म्हणून मी तिथं होतो.

"बाई, घरातली खरकटी भांडी रस्त्यावर आणून घासता?"

"सर, मी वाचनालयाचं नाव कुठं लिहिलं नाही."

"तुमचं नाव लिहिलंय. तुम्ही कुठं नोकरीला आहात ते गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे."

"तो एक लेख काढते, सर."

"एक नको. सगळं काढा. उद्या आणखी काय लिहाल, भरवसा नाही. तुमची कायमची ऑर्डर ह्याच महिन्यात मिटिंगला ठेवायची म्हणतोय मी. ठेवू का नको, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "साहेब, त्यात खोटं काय हाय तेवढं दाखवा."

"मल्लू, तू चहा ठेव आणि जा."

मी चहा ठेवला, पण गेलो नाही. बाईंना म्हणालो, "बाई, काढू नका." त्यांनी माझ्याकडं बघितलं. घरी काय काय होतं त्यांच्या, मला ठाऊक नाही. माळशिरसला आई होती आणि लग्नाचा लकडा होता, नोकरी कायम झाली तर तो थोडा थांबणार होता, एवढं माहीत होतं. त्यांनी मोबाईल काढला. कार्यवाह खुर्चीवरून उठून त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले, बरोबर काढतायत का बघायला. मोबाईल विचारतो म्हणे, नक्की काढायचं का? बाईंनी व्हय म्हणून बोट दाबलं. खोडरबराला निदान वेळ लागत होता.

तास बंद झाला. "वाचनालय म्हणजे भजनी मंडळ नव्हे," असं सांगण्यात आलं. बायका दोन चार दिवस दारापर्यंत येऊन गेल्या. महादेवीनं ठेवणीतलं लुगडं परत पेटीत टाकलं आणि चुलीपुढं बसली. मला ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाई काम नेमानं करत राहिल्या. शिक्का मारायचा, सही करायची. काही नवीन करायचं नाही, मग चुकायचंही नाही. मला कधी काही वाचून दाखवलं नाही. महिनाअखेरीला मिटिंग झाली आणि कायमची ऑर्डर अध्यक्षांच्या नात्यातल्या एका माणसाची निघाली. त्याला पदवी नव्हती, ती तो पुढं घेणार होता. बाईंनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "मामींना सांगा." काय सांगू ते सांगितलं नाही.

मीही पुढं निवृत्त झालो. आता तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, स्वतःची पुस्तकं आणून. कपाटांना कुलपं आहेत. महिला विभागात झेरॉक्स मशीन आहे. म्हाताऱ्यांचं काय झालं म्हणाल तर जॉबर काका गेले, मास्तरीणबाई पुण्याला लेकाकडं गेल्या. पट्टीवर खुणा करायला आता कोण नाही.

महादेवीला दम लागायला लागला. जन्मभराचा धूर. डॉक्टर म्हणाले चूल बंद करा, तिनं केली नाही. करायला लावली तेव्हा उशीर झाला होता. ह्यापुढं मी त्यावर लिहिणार नाही.

ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मला मागांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मग एक दिवस ते वाक्य डोक्यात आलं. म्हणजे वाक्य नाही आलं, वाक्य होतं एवढंच आलं. तिनं माझ्याबद्दल काय म्हटलं होतं? चांगलं होतं का टोमणा होता? बाई हसल्या होत्या, पण टोमण्यालाही माणूस हसतो. माझे पाय दारात आले की तिला काय कळायचं? मला दुसरं काही सुचेना. लोक म्हणतात फोटो बघा. फोटोत ती लग्नाला गेल्यासारखी उभी आहे, तोंड मिटून.

मी मोबाईलच्या दुकानात गेलो. तिथला माणूस बराच वेळ शोधत बसला. म्हणाला, "काका, ज्यानं लिवलं त्यानंच काढलंय. मग कुटनं घावणार?" मी म्हणालो, इंटरनेटवरचं जात न्हाय म्हनत होते की. तो म्हणाला, "नको असलेलं जात न्हाय. पायजे ते जातं." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मग सांगोल्याच्या त्या पोराचा पत्ता काढला. त्यानं वाचनालय सोडून डाळिंबाच्या पॅकिंगला नोकरी धरली होती. फोनवर म्हणाला, "लई भारी होतं ओ ते, अजून आठवतंय मला. पायांचं काहीतरी होतं."

"काय होतं पायांचं?"

"आता शब्द कुठं आठवणार, काका? पण लई भारी होतं."

त्यानं स्वतःचा ब्लॉगही बंद केला होता. म्हणाला, सगळ्यांनीच केला, एकेक करून. नोकऱ्या टिकल्या नाहीत तर शिकून करायचं काय. बाईंचा ठावठिकाणा त्यानंच दिला.

मी एस.टी.नं माळशिरसला गेलो. बाई एका दवाखान्यात नंबर द्यायच्या खिडकीवर बसतात. अंग भरलंय, गळ्यात मंगळसूत्र. मला बघून उभ्याच राहिल्या. "मामा! मामी कशा आहेत?"

मी म्हणालो, "गेली."

त्या सोबतच्या पोरीला खिडकीवर बसवून बाहेर आल्या. आवारात लिंबाखाली बाकडं होतं, तिथं बसलो. त्या रडल्या, मी बघत बसलो. मग मी कशाला आलो ते सांगितलं.

"माझ्याकडं नाही, मामा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी जाऊन मोबाईलमधलं पण सगळं काढलं मी. राग आला होता. परत नजरेलाच पडू नये म्हणून."

"एवढं शेवटचं वाक्य तरी."

मग मोबाईल काढून म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मामा. तुम्हाला आठवतं ते तुम्ही सांगा, मला आठवतं ते मी घालते. परत लिहू आपण."

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. फरशी, चूल, दारातले पाय, खुर्ची, पाठीला टेकणं. सगळं आलं. मग त्यांनी वाचून दाखवलं. 'माझं सगळं आयुष्य जमिनीवर गेलं,' असं सुरू होत होतं. आयुष्य हा शब्द महादेवीच्या तोंडात कधी आला नव्हता. कुठल्याही पुस्तकातली कुठलीही बाई वाटत होती ती. मी म्हणालो, "हे नटवलंय." बाई म्हणाल्या, "हो." त्यांनी शब्द बदलले, कानडी घातलं, परत वाचलं. ती कानडी बोलणारी कुणीतरी दुसरी बाई झाली.

"शेवट कसा होता?" मी म्हणालो.

"सुरुवात आठवतेय. 'ह्यांचा पाय दारात आला की,' असं होतं. हे नक्की होतं."

"की काय?"

"की..." त्या थांबल्या. "पुढं काय होतं, मामा?"

"तेच इचारायला आलोय की मी, बाई."

खिडकीवरून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी हातानं थांब म्हणून सांगितलं. मग लिहीत लिहीत हळू म्हणाल्या, "'ह्यांचा पाय दारात आला की माझ्या जिवात जीव यायचा.' असं काहीतरी."

"असं म्हनाली ती?"

"म्हणाल्या असतील."

"असतील नको. म्हनाली का?"

बाईंनी खाली बघितलं. "माहीत नाही, मामा."

"मग काढा."

"शेवटचं?"

"सगळं."

त्या दिवशी सगळं काढा म्हणणारे कार्यवाह होते, ह्या वेळी मी होतो. बाईंनी बोट ठेवलं. आमच्या दोघांच्या मध्ये मोबाईल होता, अक्षरांची वरून खाली एकेक ओळ जात होती. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. "'पाय दारात आला की' एवढं खरं आहे, मामा. हे अर्धं ठेवू का तुमच्यासाठी?"

मी म्हणालो, "अर्धं घेऊन मी काय करू?"

त्यांनी तेही काढलं.